परक्यांच्या निषेधानं काय होतं?

गेले काही आठवडे मुंबईतल्या सोसायट्यांच्या, शाळासोबत्यांच्या, सकाळी फिरायला जाणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक लांबलचक मजकूर फिरतो आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: लोकशाही ज्याची त्यानं सांभाळावी. बाहेरच्यांनी निषेध करून, सह्या गोळा करून रणगाडे थांबत नाहीत. मित्रदेश म्हणवणारे सगळे आपमतलबी असतात आणि त्यांची मदत घेणारा त्यांच्या हातातलं बाहुलं होतो. युक्रेनकडे पाहा आणि भारतीयांनो, या भानगडीत पडू नका. मजकूर सफाईदार आहे, वाचताना पटतोही. म्हणूनच त्याला उत्तर द्यायला हवं.

लोकमतानं काही होत नाही, हे निदान मुंबईत बसून तरी म्हणू नये. २५ जून १९७५ ला आणीबाणी आली, त्याच रात्री दिल्लीतल्या वर्तमानपत्रांच्या छापखान्यांची वीज तोडली गेली. मग सेन्सॉर बसला. परदेशी बातमीदारांना देशाबाहेर घालवलं. लोक काय म्हणतात याची सत्तेला पर्वाच नसती, तर एवढा खटाटोप कशाला झाला असता?

२८ जूनच्या टाइम्स ऑफ इंडियाच्या मुंबई आवृत्तीत छोट्या जाहिरातींमध्ये एक निधनवार्ता आली. मृताचं नाव डी. ई. एम. ओक्रसी, टी. रूथ यांचे पती, एल. आय. बर्टी यांचे वडील, फेथ, होप आणि जस्टिशिया यांचे बंधू. निधन २६ जून. सेन्सॉरच्या नाकाखालून लोकशाहीच्या मृत्यूची बातमी घरोघर पोचली. मिनू मसानी यांचं ‘फ्रीडम फर्स्ट’ हे नियतकालिक इथलंच. सेन्सॉरनं मजकूर अडवला तेव्हा ते मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि १९७६ साली जिंकले. सगळ्या नियतकालिकांची शिडं एकाच वाऱ्याकडे वळवणं हे सेन्सॉरचं काम नव्हे, अशा अर्थाचं त्या निकालात म्हटलं आहे. भर आणीबाणीत, याच शहरातल्या कोर्टानं हे लिहिलं.

आणि बाहेरचे? १५ ऑगस्ट १९७५ ला लंडनच्या ‘द टाइम्स’मध्ये भारतातली लोकशाही विझू देऊ नका, असं आवाहन करणारी जाहिरात अनेकांच्या सह्यांनिशी छापली गेली. म्हणजे मजकुरात हिणवलेल्या त्याच ‘सह्या’, आणि त्या आपल्यासाठी होत्या. १९६७ साली दक्षिण मुंबईतून स. का. पाटलांना हरवणारे जॉर्ज फर्नांडिस जून १९७६ मध्ये पकडले गेले, तेव्हा विली ब्रँट, ब्रुनो क्राइस्की आणि ओलोफ पाल्मे या युरोपातल्या समाजवादी नेत्यांनी इंदिरा गांधींकडे त्यांच्या जिवाची काळजी व्यक्त केली. कोठडीतल्या माणसाचं नाव जगाला ठाऊक असणं हेच त्याचं मोठं संरक्षण असतं. १९७७ ची निवडणूक केवळ बाहेरच्या दबावामुळे झाली, असा दावा मी करणार नाही. मतदान इथल्या लोकांनी केलं, तुरुंग इथल्या लोकांनी भोगला. पण आणीबाणीच्या त्या एकवीस महिन्यांत आपण एकटे नव्हतो, आणि राज्यकर्त्यांनाही ते माहीत होतं.

मित्रदेश स्वार्थी असतात, हे मात्र खरं आहे. ते मान्य करूनच पुढे जाऊ. १९५३ मध्ये इराणात आणि १९७३ मध्ये चिलीत लोकनियुक्त सरकारं पडली, त्यात अमेरिकेचा हात होता. १९७० च्या डिसेंबरात पूर्व पाकिस्तानातल्या, म्हणजे आजच्या बांगलादेशातल्या, १६९ पैकी १६७ जागा अवामी लीगनं जिंकल्या. लष्करानं तो कौल मानला नाही आणि २५ मार्च १९७१ च्या रात्री ढाक्यात कत्तल सुरू केली. तेव्हाही निक्सन यांचं सरकार पाकिस्तानचे लष्करशहा याह्याखान यांच्या पाठीशी उभं होतं, शेवटी तर अमेरिकेचं सातवं आरमार बंगालच्या उपसागराकडे निघालं.

पण सरकार म्हणजे अख्खा देश नव्हे. त्याच अमेरिकेत बाल्टिमोर बंदरात ‘पद्मा’ या पाकिस्तानी जहाजाची वाट अडवायला साधी माणसं छोट्या होड्या घेऊन पाण्यात उतरली. फिलाडेल्फियाच्या गोदी कामगारांनी पाकिस्तानी जहाजांवर माल चढवायला नकार दिला. माझगाव, शिवडी, भाऊचा धक्का पाहिलेल्या माणसाला या नकाराची किंमत वेगळी सांगायला नको, त्या दिवसाची मजुरी बुडते. रविशंकर आणि जॉर्ज हॅरिसन यांनी १ ऑगस्टला न्यूयॉर्कमध्ये मैफल भरवली आणि बांगलादेश हे नाव जगाच्या तोंडी झालं.

भारताचा स्वार्थ होता का? होताच. सुमारे एक कोटी निर्वासित आले होते. तरीही १५ नोव्हेंबर १९७१ पासून पत्राच्या पाकिटावर नेहमीच्या तिकिटाशेजारी पाच पैशांचं ‘शरणार्थी सहायता’चं जादा तिकीट लागू लागलं, आणि गिरगावातून कोकणात पाठवलेल्या पत्रावरही लोकांनी ते चिकटवलं. ज्याच्या मतदानाशी आपला काडीचा संबंध नव्हता, अशा शेजाऱ्याच्या कौलासाठी या देशातल्या सामान्य माणसानं पदरमोड केली आहे. भारत अशा भानगडीत पडत नाही, हे वाक्य लिहिणाऱ्यानं घरातल्या मोठ्यांना विचारावं. स्वार्थ हा हिशोब असतो, आणि तो हिशोब बदलायला लावणं हेच लोकमताचं काम आहे.

‘अलिप्त राहावं’ हा सल्ला स्पेननं अनुभवला. १९३६ साली तिथल्या निवडून आलेल्या सरकारविरुद्ध बंड झालं. ब्रिटन-फ्रान्सनं हस्तक्षेप न करण्याचा करार पाळला. जर्मनी आणि इटलीनंही त्यावर सह्या केल्या आणि बंडखोरांचा सेनापती फ्रँको याला विमानं, सैनिक पुरवत राहिले. १९३९ ला प्रजासत्ताक संपलं. नेहरू १९३८ च्या जूनमध्ये बॉम्बहल्ले सोसणाऱ्या बार्सिलोनात जाऊन आले होते, स्वतः पारतंत्र्यात असलेल्या देशाचे प्रतिनिधी म्हणून. यावर कुणी इराकचं नाव घेईल. २००३ मध्ये तिथे बाहेरून सैन्य घालून राज्य उलथवलं गेलं. निवडून आलेल्यांनी मागितलेली मदत देणं ही त्याहून सर्वस्वी वेगळी गोष्ट आहे.

आता युक्रेन. काही दिवसांत कीव्ह पडेल असं २०२२ च्या फेब्रुवारीत भलेभले म्हणत होते. एप्रिलच्या सुरुवातीला रशियन फौजा कीव्हभोवतालून मागे हटल्या. लढले तिथले लोक, पण शस्त्रं, पैसा आणि निर्वासितांना आसरा मित्रदेशांनी दिला. आणि बाहुलं होण्याबद्दल: २२ जुलै २०२५ ला झेलेन्स्की यांनी भ्रष्टाचारविरोधी यंत्रणांचं स्वातंत्र्य काढून घेणारा कायदा सही करून लागू केला. त्याच संध्याकाळी तरुण मुलं हातानं लिहिलेले पुठ्ठ्याचे फलक घेऊन कीव्हच्या रस्त्यावर उतरली, युद्ध चालू असताना. युरोपीय संघानं जाब विचारला. ३१ जुलैला संसदेनं ते स्वातंत्र्य परत दिलं. घरचं लोकमत आणि बाहेरचे मित्र एकाच बाजूनं बोलले की काय होतं, त्याचं याहून स्पष्ट उदाहरण मला माहीत नाही.

‘आपला काय संबंध’ याला उत्तर सांताक्रूझ-अंधेरीकरांनी पाहिलं आहे. २६ फेब्रुवारी २०२२ च्या संध्याकाळी युक्रेनमधून निसटलेल्या २१९ भारतीयांना घेऊन रोमानियाची राजधानी बुखारेस्टहून पहिलं विमान मुंबईत उतरलं. रोमानियानं सीमा उघडी ठेवली म्हणून ती मुलं घरी आली.

म्यानमारमध्ये मात्र हे सगळं तोकडं पडलं. १ फेब्रुवारी २०२१ ला लष्करानं निवडणुकीचा कौल मोडला, जगानं निषेध केला, पण रशिया-चीनकडून शस्त्रं येत राहिली आणि शेजाऱ्यांचे व्यवहार थांबले नाहीत. लोकमत होतं, मित्रदेशांची एकजूट नव्हती. तरी तिथेही एक गोष्ट झाली. मार्च २०२१ मध्ये केंद्रानं सीमेवरच्या राज्यांना निर्वासितांचे लोंढे रोखायला सांगितलं, तेव्हा मिझोरमच्या लोकांनी ऐकलं नाही. चर्चनं, तरुणांच्या संघटनांनी, साध्या कुटुंबांनी दारं उघडली. तेव्हाचे मुख्यमंत्री झोरामथांगा यांनी पंतप्रधानांना पत्र लिहून आपण या लोकांकडे पाठ फिरवू शकत नाही असं कळवलं. हजारो माणसं तिथे राहिली, त्यात म्यानमारमधले निवडून आलेले लोकप्रतिनिधीही होते.