दोन खाकी, एक घर

परवा माळा आवरताना आजोबांचा पितळी बिल्ला सापडला. नंबर झिजलाय, ‘वॉच अँड वॉर्ड’ एवढं कसंबसं वाचता येतं. मुलीनं विचारलं, "म्हणजे पणजोबा पोलीस होते?" आणि मी अडकलो. होते म्हटलं तर होते.

आजोबा रेल्वेच्या या पहारा खात्यात, भुसावळ यार्डात रात्रपाळीला. एका हातात कंदील, दुसऱ्या हातानं एकेका मालवाघिणीचं सील चाचपत चालायचं. चोर सापडला तरी तो लोहमार्ग पोलिसांच्या हवाली करायचा, कारण रेल्वेच्या या पहारेकऱ्यांमागे कायद्याचं बळ नव्हतं. १९५७ मध्ये आरपीएफचा, म्हणजे याच पहारेकऱ्यांच्या रेल्वे सुरक्षा दलाचा कायदा झाला, आणि रेल्वेच्या मालाच्या चोरीचा तपास १९६६ च्या कायद्यानं त्यांच्याकडे आला. आजोबा हे ६६ साल स्वतःच्या लग्नाच्या सालापेक्षा पक्कं लक्षात ठेवून होते!

बाबा मात्र लोहमार्ग पोलिसांत, म्हणजे राज्य सरकारचे. जेवताना वाद ठरलेला. आजोबा म्हणायचे, "तुमचा निम्मा खर्च रेल्वे देते अन् रुबाब सरकारचा." बाबा म्हणायचे, "तुम्ही पोती राखा, माणसं आम्ही बघतो." मग आजी विचारायची, ही भाकरी कुणाच्या हद्दीत येते ते आधी ठरवा.

हसण्यावारी गेलं खरं, पण दुखणं तेच आहे. २००४ पासून साखळी ओढणं, टपावरून प्रवास असले गुन्हे आरपीएफकडे आले; प्रवाशाच्या सामानाची चोरी, मारहाण, खून मात्र अजून लोहमार्ग पोलिसांकडेच. मध्यंतरी चालत्या गाडीत बायकोची पर्स गेली. एका खाकीनं दुसऱ्या खाकीकडे पाठवलं, दुसरीनं "कुठलं स्टेशन गेल्यावर कळलं?" असं विचारून पुढच्या स्टेशनचा रस्ता दाखवला. दोन पिढ्या याच खात्यांत घालवलेल्या घराची ही गत, तर बाकीच्यांचं काय? माझं स्पष्ट मत आहे, प्रवाशासाठी तक्रारीची खिडकी एकच हवी. हद्दीचं काय ते तुम्ही आत बसून भांडा. २००८ च्या २६ नोव्हेंबरला सीएसटीवर दहशतवादी हल्ल्यात लोहमार्ग पोलिसांचे निरीक्षक शशांक शिंदे गेले, आरपीएफचे जिल्लू यादव तिथेच हल्लेखोरांना भिडले. तेव्हा कुठे कुणी हद्द विचारत बसलं होतं?

बाबांचं ‘माणसं बघणं’ म्हणजे काय, ते मला फार उशिरा कळलं. त्यांची बरीच नोकरी कल्याणला गेली. रुळांवर सापडलेल्या माणसाची ओळख पटवायची, तर आधी खिशातला पास बघायचा. पास नसला तर शर्टाच्या कॉलरमागचं शिंप्याचं लेबल. त्या लेबलावरून शिंपी, शिंप्यावरून घर.

नववीत असताना टोचतं म्हणून मी नव्या शर्टाचं लेबल उसवून टाकलं होतं. बाबा ड्यूटीवरून आले, त्यांनी ते केरातून शोधून काढलं आणि दिव्याखाली बसून, चारही बाजूंनी दुहेरी टाके घालून पुन्हा शिवलं. बोलले काहीच नाहीत.