आधी कर्ज काढा, मग रहस्यकथा लिहा

तुम्हाला रहस्यकथा लिहायची आहे, असं कानावर आलं. छान. म्हणजे एव्हाना नवीन वही आणून झाली असेल, 'उद्यापासून पहाटे पाचला उठून लिहिणार' असं घरात जाहीर करून झालं असेल, आणि एखाद्या लेखन कार्यशाळेची फीसुद्धा भरून झाली असेल. नेमकं इथेच चुकलात. फी भरायची नसते, थकवायची असते. ज्याची विजेची, वाण्याची आणि दुधाची बिलं वेळच्या वेळी चुकती होतात, त्या माणसाला खून सुचणार तरी कशाला?

हे माझ्या मनचं नाही. एडगर वॉलेस नावाचा एक इंग्रज हे करून दाखवून गेला आहे. १७० च्या वर कादंबऱ्या, ९५७ कथा, १८ नाटकं, शिवाय घोड्यांच्या शर्यतींवर सदरं. ५६ वर्षांचं आयुष्य, आणि मेला तेव्हा डोक्यावर १,४०,००० पौंडांचं देणं. आकड्यांचीच शर्यत लावायची तर आपल्या बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहून साहेबाला केव्हाच धूळ चारली आहे. झुंजार, काळापहाड, धनंजय आणि छोटू ही मंडळी आपल्या आजोबांनी भूगोलाच्या पुस्तकात लपवून वाचलेली आहेत. पण कर्ज हीच प्रतिभा, हे शास्त्र शिकायचं असेल तर गुरू एकच, वॉलेस.

सुरुवातीलाच एक अडचण आहे. जन्म नीट निवडावा लागतो. वॉलेसने तो निवडला १ एप्रिल १८७५, ग्रीनिच. तारखेवर हसू नका. आई फिरत्या नाटक कंपनीतली नटी, वडील त्याच कंपनीतले नट, आणि दोघांचं लग्न एकमेकांशी झालेलं नव्हतं. तेव्हा जन्माच्या दाखल्यावर वडिलांच्या जागी आईने 'वॉल्टर वॉलेस' असं एक नाव लिहून दिलं. असा माणूस जगात नव्हताच. थोडक्यात, वॉलेसच्या नावावरचं पहिलं काल्पनिक पात्र त्याच्या आईने लिहिलं, आणि पुढे त्याने त्याच पात्राचं आडनाव लावलं. मूल वाढवलं बिलिंग्जगेटच्या मासळीबाजारातल्या एका हमालाच्या भरल्या घराने. तुमचा जन्म साताऱ्यातल्या एखाद्या सरळमार्गी घरात, दोन्ही आई-वडिलांची खरी नावं दाखल्यावर असताना झाला असेल, तर आता इलाज नाही. पुढच्या पायरीवर या.

शिक्षण. बाराव्या वर्षी सोडा. त्याआधी शाळा बुडवून लंडनच्या लडगेट सर्कस चौकात पेपर विका. मग रबराच्या कारखान्यात जा, घरोघर दूध घाला, मासेमारीच्या बोटीवर चढा, आणि एकाही ठिकाणी टिकू नका. असला बायोडेटा तुमच्या जावयाने आणला तर तुम्ही लग्न मोडाल. प्रकाशक मात्र तोच पुस्तकाच्या मलपृष्ठावर कौतुकाने छापतात.

पुढे वॉलेस सैन्यात शिरला, दक्षिण आफ्रिकेला गेला, पैसे भरून सैन्यातून सुटला आणि बातमीदार झाला. इथला एक प्रसंग तुम्ही वहीत लिहूनच ठेवा. १९०२ मध्ये बोअर युद्ध संपवायला फेरीनिखिंग इथे तहाची बोलणी चालू होती. ब्रिटिश सरसेनापती लॉर्ड किचनेर यांनी पत्रकारांना जवळपास फिरकू दिलं नव्हतं. बाकीचे बातमीदार हॉटेलात बसून सरकारच्या नावाने बोटं मोडत होते. वॉलेसने तळावरच्या पहाऱ्यात एक जुना सोबती गाठला. वॉलेस रोज आगगाडीने तळाच्या बाजूने जायचा, आणि तो सोबती काटेरी तारेमागे उभा राहून रुमालाने नाक पुसायचा. रुमालाचा रंग हीच बातमी. पांढरा रुमाल निघाला आणि तह झाल्याचं लंडनच्या 'डेली मेल'ला पार्लमेंटच्याही आधी कळलं. तारा जायच्या त्या शेअर-व्यवहाराच्या सांकेतिक भाषेत, म्हणजे सेन्सॉरला वाटावं की हा गृहस्थ खाणींचे भाव कळवतोय. किचनेर इतके चिडले की त्यांनी त्याच्या युद्धवार्ताहर होण्यावरच बंदी घातली. रहस्यकथेचं अख्खं तंत्र त्या रुमालात आहे. आणि एक चांगली बातमी दिली की एक चांगली नोकरी जाते, हेही आहे.

आता मुख्य धडा. इथे सावकाश वाचा, कारण बुडण्याची ही पद्धत अजून कोणी सुधारलेली नाही.

१९०५. वॉलेसने 'द फोर जस्ट मेन' लिहिली. परराष्ट्रमंत्री सर फिलिप रेमन एक विधेयक मागे घेत नाहीत म्हणून चौघेजण त्यांना धमकी देतात, दिवस-वेळ कळवतात, आणि पोलिसांच्या कडेकोट पहाऱ्यात, बंद खोलीत मंत्री मरून पडतात. कल्पना झकास. प्रकाशक मिळेना. तुमच्या-माझ्यासारखा माणूस असता तर हस्तलिखित ट्रंकेत टाकून 'मराठी वाचक प्रगल्भ नाही' असा लेख लिहिता. वॉलेसने स्वतःची प्रकाशन संस्थाच काढली, टॅलिस प्रेस. मग बसवर जाहिराती, भिंतींवर जाहिराती, पेपरात जाहिराती. आणि सगळ्यावर कळस म्हणजे मंत्र्याला नेमकं कसं मारलं हे पुस्तकात छापलंच नाही. वाचकांनी ओळखायचं. बक्षिसं एकूण ५०० पौंडांची.

पुस्तक धडाधड खपलं. वाचकांनी उत्तरंही पाठवली. आणि बरोबर उत्तरं पाठवणारे बरेच निघाले. तेव्हा लक्षात आलं की बक्षीस एकालाच मिळेल, असं नियमांत कुठेही म्हटलेलं नाही. बरोबर उत्तर देणारा प्रत्येकजण कायद्याने बक्षिसाचा धनी! आपल्या सोसायटीच्या हळदीकुंकवातल्या संगीत खुर्चीलासुद्धा 'परीक्षकांचा निर्णय अंतिम राहील' एवढं लिहिलेलं असतं. चार अदृश्य मारेकऱ्यांचा मिनिटामिनिटाचा बेत आखणाऱ्या माणसाला ती एक ओळ सुचली नाही. जितकी जास्त पुस्तकं खपावीत तितका खड्डा खोल, असा हा धंदा होता. विजेत्यांची यादी कुठे आहे म्हणून लोक विचारू लागले, तेव्हा 'डेली मेल'चे मालक हार्म्सवर्थ यांना, आपल्याच बातमीदारापायी पेपरचं नाव खराब होऊ नये म्हणून, पदरचे पैसे त्याला उसने द्यावे लागले. पुढे वॉलेसने या पुस्तकाचे हक्कही किरकोळ रकमेला फुंकून टाकले. ते पुस्तक आजही छापलं जातं.

(मंत्री कसा मेला, हे मी इथे सांगणार नाही. कायदेशीर सल्ला घेतला आहे.)

दोनच वर्षांत, १९०७ मध्ये, त्याच्या बातम्यांपायी बदनामीचे दावे भरावे लागले म्हणून 'डेली मेल'ने त्याला नारळ दिला. नोकरी नाही, घेणेकरी दारात, घरात बायको-मुलं. लेखक होण्यासाठी याहून पोषक हवामान असूच शकत नाही. पोटासाठी त्याने पश्चिम आफ्रिकेतल्या एका गोऱ्या अधिकाऱ्याच्या कथा सुरू केल्या, 'सँडर्स ऑफ द रिव्हर', १९११. त्या धो धो चालल्या. काळ्या लोकांना लहान मुलं समजून छडी हातात घेणारा साहेब हाच त्यातला नायक. आपणही त्याच साहेबाची रयत होतो, तेव्हा या भागातून तुम्ही काही शिकू नका, असं मी खरंच सांगतो, उपरोधाने नाही.

आता कामाची पद्धत. टेबलाशी बसून लिहिणं सोडा, त्याने पाठ दुखते आणि विचार येतात. वॉलेस बोलायचा. मेणाच्या नळकांड्यांवर आवाज मुद्रित करणारं यंत्र, त्यात तो कादंबरी सांगत सुटायचा आणि सेक्रेटरी ती टाइप करायची. दार बंद, सिगारेटची खोकी, आणि भरपूर साखर घातलेल्या चहाच्या किटल्यांवर किटल्या. बहात्तर तासांत कादंबरी तयार. पुन्हा वाचायची नाही, दुरुस्त करायची नाही, थेट प्रकाशकाकडे. संपादकाने हात लावलेला त्याला खपायचा नाही. तुम्ही पहिल्या परिच्छेदातल्या स्वल्पविरामावर तीन महिने घालवलेत ना? तेवढ्या वेळात वॉलेसच्या पात्रांपैकी चाळीस जणांचे मुडदे पडले असते.

कथानकाचं काय, म्हणाल. सोपं आहे. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी दार वाजलं पाहिजे. वॉलेसला यासाठी कल्पनाशक्ती ताणावी लागत नसे, त्याचं दार खरोखरच वाजत असायचं. बाहेर सावकार, आत नळकांडं. म्हणूनच त्या पुस्तकांना असा वेग आहे की वाचकालाही वाटतं, आपण कोणाचं तरी देणं लागतो.

लोक म्हणत, हा भाडोत्री लेखक ठेवतो. त्याचा पुरावा कधीच मिळाला नाही. एक विनोद तेव्हा चालायचा: कोणीतरी वॉलेसला फोन करतो, सेक्रेटरी म्हणते, साहेब कादंबरी लिहितायत, पलीकडचा म्हणतो, ठीक आहे, मी फोन धरून थांबतो. 'पंच' या विनोदी साप्ताहिकात एक व्यंगचित्र आलं होतं, त्यात पुस्तकविक्रेता गिऱ्हाइकाला विचारतो, दुपारचा वॉलेस पाहिलात का, साहेब? जसा पेपरचा दुपारचा अंक. १९२८ च्या सुमारास प्रकाशकांचा दावा होता की इंग्लंडात वाचल्या जाणाऱ्या दर चार पुस्तकांतलं एक वॉलेसचं असतं. प्रकाशकांच्या आकड्यांवर किती विश्वास ठेवायचा ते तुम्ही ठरवा. आवृत्ती म्हणजे किती प्रती, हे आपल्याकडेही परमेश्वर जाणे.

समीक्षक नाक मुरडत. त्याचं त्याला काही नव्हतं, आपल्या लिखाणाला वाङ्मयीन मोल आहे असं तो स्वतःच म्हणत नसे. खरं सांगायचं तर थोडं मोल आहे. त्याचा जे. जी. रीडर पाहा. घट्ट गुंडाळलेली छत्री, भिडस्त बोलणं, एखाद्या जुन्या कचेरीतल्या हेडक्लार्कसारखा. आणि हा सरकारी वकिलांच्या कार्यालयातला बारीक माणूस गुन्हेगारांना पकडतो ते केवळ त्याचं स्वतःचं डोकं गुन्हेगाराचं आहे म्हणून. सगळ्यांत वाईटच दिसतं, याची त्याला बिचाऱ्याला लाज वाटते. बहात्तर तासांत असा माणूस उभा करणं सोपं नाही. पण हे कौतुक तुमच्या उपयोगाचं नाही, पुढे चला.

कारण आता पैसा येऊ लागला आहे, आणि खरा धोका हाच. भरभराटीच्या काळात वॉलेसची कमाई वर्षाला ५०,००० पौंडांच्या घरात होती. अशा वेळी कच्चा माणूस कर्ज फेडून मोकळा होतो आणि लेखन संपतं. वॉलेसने तसलं काही केलं नाही. त्याने शर्यतीचे घोडे पाळले. तो पेपरात शर्यतीचे अंदाज लिहायचा आणि स्वतःच्या अंदाजावर स्वतःचे पैसे लावायचा, म्हणजे जगातला एकमेव प्रामाणिक टिप देणारा. घोडेही मालकाच्या स्वभावाचे असावेत, फक्त वेग सोडून. रोल्स रॉइस गाडी, हॉटेलातल्या मेजवान्या, थिएटरात स्वतःची नाटकं, येईल त्याला पैसे. खिसा रिकामा झाला की पुन्हा दार बंद, चहा, नळकांडं.

तरीही पैसे उरलेच, तर निवडणूक लढवा. हा उपाय आपल्याकडे सर्वांना ठाऊक आहे. १९३१ मध्ये वॉलेस ब्लॅकपूलमधून लिबरल म्हणून उभा राहिला. इंग्लंडातला सर्वात लोकप्रिय लेखक ३३,००० हून जास्त मतांनी पडला. वाचक आणि मतदार हे एकच लोक असले तरी एका हाताने पुस्तक विकत घेतात आणि दुसऱ्या हाताने शिक्का मारतात, हे ध्यानात ठेवा.

मग तो हॉलिवूडला गेला. आरकेओ कंपनीसाठी एका अजस्र माकडाच्या चित्रपटाचा पहिला आराखडा लिहिला. तो 'किंग काँग' पडद्यावर आला १९३३ मध्ये. वॉलेस त्याआधीच, १० फेब्रुवारी १९३२ ला, बेव्हर्ली हिल्समध्ये गेला. न्यूमोनिया, आणि कोणाच्याच ध्यानात न आलेला मधुमेह. त्या चहाच्या किटल्या आठवल्या? शंभरावर खुनांची उकल करणाऱ्याच्या घरात हा एक मारेकरी वर्षानुवर्षं रोज ट्रेमधून येत होता. शव इंग्लंडला आणलं तेव्हा फ्लीट स्ट्रीट या लंडनच्या पेपरवाल्यांच्या रस्त्यावर झेंडे अर्ध्यावर उतरवले होते आणि सेंट ब्राइड्स चर्चच्या घंटा वाजत होत्या. पेपर विकायचा त्या लडगेट सर्कसला आता त्याचा चेहरा असलेला स्मृतिफलक आहे.

आणि आता शेवटची पायरी, जी बहुतेक लेखक टाळतात. वॉलेस गेल्यावर साधारण दोनेक वर्षांत पुस्तकांच्या मानधनातून ते सगळं कर्ज फिटलं. कमाई तीच होती, खर्च करणारा तेवढा नव्हता. पुढे १९५९ पासून जर्मन लोकांनी त्याच्या कादंबऱ्यांवर तीसच्या वर चित्रपट काढले. लंडनचं धुकं, सुरे, गुप्त दारं, सगळं जर्मनमध्ये. एकही घोडा न विकत घेता.

तेव्हा ती वही बाजूला ठेवा आणि आधी बँकेत जा. जामीन राहायला मला बोलवू नका. आणि त्या बंद खोलीत मंत्री कसा मेला हे तुम्ही पुस्तक वाचून ओळखलंतच, तर कृपा करून कोणालाही कळवू नका. बक्षिसाचे पैसे १९०५ मध्येच संपले आहेत.