बसा ना, उभे का?

मंगळवारी दुपारी धुळ्यातल्या एका दवाखान्यात, अकरा माणसांदेखत, चौथीतल्या एका पोराने माझ्या ढुंगणावर लाथ मारली. त्याला त्याच्या आजोबांनी तसं सांगितलं होतं, आणि मी (हे लिहिताना अजून कान गरम होतात) टेबलाला धरून, भिंतीकडे तोंड करून, त्यासाठी उभा राहिलो होतो.

सात महिने झाले. उजव्या कुल्ल्याच्या आत, पार खोल, कुणी खुंटी ठोकून ठेवल्यासारखं दुखतं. चालताना बरं असतं, बसलं की वीस मिनिटांत सुरू. मी शाळेत हेडक्लार्क. आमचा धंदाच बसण्याचा.

खरी पंचाईत शब्दाची. आपल्या भाषेत या जागेला चारचौघांत उच्चारता येईल असं नावच नाही. कुल्ला म्हटलं की पोरं फिदीफिदी हसतात, नितंब म्हटलं की कविता वाटते, आणि ढुंगण म्हटलं की बायको डोळे वटारते. म्हणून घरात ठरलं, कंबर म्हणायचं. गल्लीभर झालं, ‘यांची कंबर धरलीय.’ मीही डॉक्टरपुढे कंबरच म्हणालो. म्हटल्यावर उपचार कंबरेचेच होणार! पहिल्याने कॅल्शियम दिलं. दुसऱ्याने एक्स-रे काढून ‘गॅप कमी झालाय’ सांगितलं आणि पट्टा बांधला. तिसऱ्याने एमआरआय काढला. त्यात चौथ्या-पाचव्या मणक्यामधली चकती फुगलेली निघाली, तेव्हा त्याला जो आनंद झाला तो माझ्या लग्नात माझ्या सासऱ्यालाही झाला नव्हता. वैद्यबुवांनी गृध्रसी म्हणून निदान केलं. गिधाडासारखी चाल होते म्हणून हे नाव, असंही समजावलं. मी आमच्या हिच्याकडे पाहिलं, तर ती मान डोलवत होती.

एवढ्या सगळ्यांत एकानेही मला पालथं झोपवून ‘नक्की कुठे, बोट लाव’ म्हटलं नाही. खुर्ची न सोडता फिल्म उजेडात धरायची, की झालं. सहा हजार एमआरआयचे, पट्ट्याचे वेगळे, गोळ्यांनी पोट बिघडलं त्याचे आणखी वेगळे. हिवाळ्यात शेतात भरीत पार्टी झाली. पऱ्हाट्यांच्या जाळावर भाजलेली वांगी, कळण्याच्या पुऱ्या, सगळे पोत्यांवर मांडी ठोकून बसलेले, आणि मी एकटा बांधावर ताट घेऊन उभा, बुजगावण्यासारखा. जो तो म्हणतो, ‘बसा ना, उभे का?’ या वाक्याची मला आता चीड आहे.

तर मंगळवारी. धुळ्याला एक फिजिओथेरपी करणाऱ्या मॅडम आहेत असं कळलं म्हणून गेलो. एस.टी.त सीट मिळाली होती, ती सोडून अमळनेरपासून उभा. तिथे वेटिंग रूममध्ये भोकाभोकांच्या स्टीलच्या खुर्च्या. मी कोपऱ्यात एका पायावर भार देऊन बगळ्यासारखा उभा राहिलो. समोर पांढरी टोपी, धोतर, आखडलेला खांदा आणि शेजारी नातू असे एक बाबा.

“काय व्हयनं भाऊ? बठत का नही?”

“कंबर दुखते.”

बाबांनी मला वरून खाली पाहिलं. “कंबर नही. तू त हात खाले धरेल शे.”

हे एवढं निदान फुकटात झालं होतं. तिथेच उठून घरी यायला हवं होतं, पण उठणार कसा, उभाच होतो.

मग बाबांचा दवाखाना सुरू झाला. एरंडाची पानं तेल लावून बांधली का? बांधली. वीट तापवून शेकली का? शेकली. मग बाबा पुढे झुकले आणि अख्ख्या खोलीला ऐकू जाईल असं कुजबुजले, “पायाळूनी लात खाधी का?”

आपल्याकडे चमक भरली, उसण भरली की पायाळू माणसाचा पाय लावायची पद्धत आहे. जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर आले तो पायाळू. आमच्या गल्लीत एक आजी होती, तिच्या ओट्यावर सकाळी पाठी धरून माणसं उभी असायची.

“मना नातू पायाळू शे,” बाबा म्हणाले.

नातवाने मोबाइलमधून मान वर केली नाही. पण पलीकडच्या मावशींनी हरकत घेतली. “याचा जन्म कुठला? दवाखान्यातला ना? सिझर असेल.”

“सिझर शे, पन पाय खाले व्हतात.”

“मग तो पायाळू कसा? पोट फाडून काढला. पाय आधी आले की डोकं, ते डॉक्टरने ठरवलं.”

यावर खोलीत दोन तट पडले. गळ्यात पट्टा घातलेला एक तरुण म्हणाला, पोझिशन महत्त्वाची. गुडघेवाल्या आजी म्हणाल्या, वाट महत्त्वाची. ज्या वाटेने यायचं त्या वाटेने आलाच नाही तर गुण कुठून येणार? कुणी म्हणालं, पाय उलटे दिसले की हल्ली बहुतेक सिझरच करतात, अशाने पायाळू माणूस बघायला मिळणार नाही. यावर सगळे क्षणभर हळहळले. माझ्या दुखण्याबद्दल सात महिन्यांत कुणी एवढं हळहळलं नव्हतं. शेवटी बाबांनी निकाल दिला: करून पाहू, गुण आला तर पायाळू, नाही आला तर सिझर.

म्हणजे मी रोगी नव्हतो, प्रयोग होतो.

मी नको म्हणत होतो, देवाशपथ. पण सात महिने दुखल्यावर माणसाचा नकार पातळ होतो. “लाजस काय?” म्हणत बाबांनी मला टेबलाकडे वळवलं. पोराने अनिच्छेने मोबाइल ठेवला आणि शाळेच्या बुटाचं टोक हळूच टेकवलं. “जोरमा मार! भाकर खाधी नही का?” आणि त्याच क्षणी मागून आवाज आला, “नमस्कार भाऊसाहेब.” पाहिलं तर आमच्याच शाळेतले एक पालक. पोराच्या दाखल्यासाठी या माणसाला मी चार चकरा मारायला लावल्या होत्या. दर वेळी म्हणायचो, ‘बसा, बघतो.’ मी नमस्काराला हात जोडायला वळलो, आणि लाथ बसली.

खुंटीवर बसली. बरोब्बर खुंटीवर. कुल्ल्यातून पोटरीपर्यंत वीज गेली आणि मी जो ओरडलो, त्याने मॅडम पडदा सारून बाहेर आल्या.

“काका, कुठे लागलं? नक्की कुठे?”

सात महिन्यांत हा प्रश्न पहिल्यांदा! (काका नसतं म्हटलं तरी चाललं असतं. एक्कावन्नच चालू आहे.)

त्यांनी आत नेऊन उताणं झोपवलं, पाय सरळ वर उचलला. चांगला वर गेला. खोकायला लावलं, काही नाही. मग गुडघा वाकवून पाय विरुद्ध खांद्याकडे आडवा ओढला, तशी मी गादीची कड धरली. पालथं करून माकडहाडाच्या वरचं हाड आणि खुब्याचं बाहेरचं टोक यांच्या मध्यावर अंगठा रोवला. पोराने लाथ मारली तीच जागा.

तिथे आत पिरिफॉर्मिस नावाचा एक छोटा स्नायू असतो म्हणे, नासपतीच्या आकाराचा. शरीरातली सगळ्यात जाड नस त्याच्या खालून पायात उतरते, काहींची तर त्याच्यातूनच जाते. तो आखडला की नस चिमटते. आणि माझी फुगलेली चकती? मॅडम म्हणाल्या, पन्नाशीत काहीही न दुखणाऱ्यांचा एमआरआय काढला तरी दहातल्या सहाजणांची फुगलेली दिसते. २०१५ साली तीन हजारांहून जास्त धडधाकट माणसांचे अहवाल एकत्र करून हे मोजलंय. म्हणजे मी सहा हजार देऊन माझं वय काढून आणलं. या दुखण्याला अमुक एक तपासणी नाही, बाकीचं वगळत वगळत इथे यायचं, हेही त्यांनी सांगितलं.

“मागच्या खिशात जाडं पाकीट ठेवता का? त्यानेही होतं.”

मी पाकीट काढून दाखवलं. एकशे चाळीस रुपये आणि एस.टी.चं तिकीट. त्यांनी विषय बदलला.

“मग बसता कसे?”

बसून दाखवलं. उजवा पाय मुडपून बुडाखाली, त्यावर मी. बावीस वर्षं शाळेच्या खुर्चीत असाच बसतोय. मॅडमनी कपाळाला हात लावला आणि मग कोपर माझ्या कुल्ल्यात घातलं. भाजलेल्या वांग्याला काय वाटत असेल ते तेव्हा कळलं.

बाहेर आलो तर बाबांनी जाहीर करून टाकलं होतं, नातू पायाळूच. पोराला पन्नास द्यावे लागले. पावतीही नाही.

आता रोज पाय ओढायचे, टेनिसच्या चेंडूवर बसून घोळायचं, अर्ध्या तासाने खुर्ची सोडायची. चार आणे फरक आहे. बारा आणे दुखतंच.

काल ते पालक पुन्हा शाळेत आले. मी सवयीने म्हणालो, “बसा, बघतो.”

“राहू द्या भाऊसाहेब,” ते म्हणाले, “आधी तुम्ही बसून दाखवा.”

दाखला उभ्यानेच लिहून दिला.