पीएसएमच्या फॉर्ममधला 'अज्ञान' नावाचा चौकोन

एमबीबीएस केलेल्या कुणालाही विचारा, पीएसएमच्या (प्रिव्हेंटिव्ह अँड सोशल मेडिसिन, म्हणजे सार्वजनिक आरोग्याच्या) लेक्चरला काय करायचात? झोपायचो, हेच उत्तर येईल. कागदोपत्री विषयाचं नाव 'कम्युनिटी मेडिसिन', पण बोलताना अजून पीएसएमच. जेवण करून दुपारी दोनला लेक्चर, पंखा करकरतोय आणि स्लाइडवर आरोग्याची व्याख्या. या विषयाचं जाडजूड पुस्तक 'पार्क' उशाला घ्यायला बरं पडतं, हा विनोद माझ्या सीनियरच्या सीनियरनेही केलेला असणार. मीही केलाय.

आता इंटर्नशिप चालू आहे, थोडं मोकळेपणाने लिहिते. माझ्या मते विषयात खोट नाही. तो शिकवायला ज्या बाईला बोलवायला हवं, तिचं नाव टाइमटेबलवर नाही, एवढंच.

आमच्या म्हणजे २०२१-२२ च्या बॅचपासून फॅमिली अॅडॉप्शन सुरू झालं. प्रत्येक विद्यार्थ्याने गावातली काही कुटुंबं 'दत्तक' घ्यायची. (अठरा-एकोणीस वर्षांच्या पोरीने, जिला स्वतःचा डबा धुवायचा कंटाळा, तिने पाच संसार दत्तक घ्यायचे. शब्द कुणी निवडला कोण जाणे.) माझी पाच घरं कॉलेजपासून बावीस किलोमीटरवर होती. बसमधून उतरलो की पांढरे एप्रन घातलेली शंभर पोरं गावात शिरायची, तेव्हा कुत्रीसुद्धा भुंकायची थांबून बघत बसायची.

पहिलं काम सर्व्हे फॉर्म. त्यात प्रसाद स्केल. माणशी महिन्याचं उत्पन्न काढायचं आणि कुटुंबाला एक ते पाच यातल्या वर्गात टाकायचं. पहिल्याच घरी काकूंना विचारलं, "महिन्याला किती येतात?" त्या म्हणाल्या, "महिन्याला कुठले? सोयाबीनचे एकदा येतात, तुरीचे एकदा. मधे सगळे जातातच." मी बारा महिन्यांनी भागाकार केला, तोही अंदाजाने. आहाराची चौकशी तर त्याहून भारी. चोवीस तासांत काय खाल्लं ते विचारून कॅलरी मोजायच्या. आमची व्हिजिट नेमकी आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी. अख्खं गाव साबुदाणा आणि भगरीवर! जर्नलमध्ये तक्ते व्यवस्थित भरले, सही झाली, कुणी काही विचारलं नाही.

मग ते घर. नाव-गाव सांगत नाही. सून, सासू आणि तीन महिन्यांचं बाळ. सहाव्या आठवड्याचा पेंटाचा (पाच आजारांवरच्या एकत्र लसीचा) डोस झालेला, दुसरा राहिलेला. सासू म्हणाली, "न्हाई द्यायचा." मी सगळं म्हणून दाखवलं. पाच आजार कोणते, ताप येणं साधं असतं, घाबरायचं कारण नाही. सासूने ऐकून घेतलं आणि आत निघून गेली. माझ्या फॉर्मवर 'नकाराचं कारण' याखाली चार चौकोन होते : अज्ञान, भीती, अंधश्रद्धा, इतर. मी 'अज्ञान'वर टिक केली. कसलाही विचार न करता, हे आता कबूल करते.

आमच्याबरोबर गावची आशाताई, म्हणजे गावातलीच आरोग्यसेविका, होती. ती ओट्यावर बसली. लसीचं नावही काढलं नाही. सुनेला म्हणाली, "मागल्या टायमाला ताप आला त्या राती कोण जागलं?" सून म्हणाली, "मीच." "मग दुसऱ्या दिवशी काढणीला?" सून गप्प. आतून सासूच बोलली, "कशाची काढणी? दोन दिवसाची मजुरी गेली. मुकादमानं दुसरी बाई लावली."

बुधवारी लस, बुधवारची रात्र जागरण, गुरुवारचं काम बुडालं. सोयाबीनच्या काढणीचे पंधरा-वीस दिवस, वर्षातली हातात रोकड येण्याची हीच वेळ. त्या सासूला लसीबद्दल माझ्याएवढंच ठाऊक होतं. मला त्या घराबद्दल काहीच ठाऊक नव्हतं.

ताईने डायरीत काहीतरी लिहिलं. पुढच्या महिन्याच्या सत्राला काढणी उरकलेली होती. त्या दिवशी तिने स्वतः बाळाला काखेत मारून अंगणवाडीत नेलं, लस टोचून घेतली, तापाचं औषध कसं आणि कधी द्यायचं ते सिस्टरकडून सासूला समजावून घेतलं, सुनेला नाही. कारण रात्री बाळ सासूकडे झोपणार, हे तिने आधीच ठरवून घेतलं होतं.

वायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, मला लसीकरणाला नकार देण्याची कारणं विचारली. मी धडाधड सांगितली, अज्ञानापासून सुरुवात करून. बाहेरून आलेले एक्स्टर्नल परीक्षक खूश.

पाण्याचंही तेच. पाणी शुद्ध करायला किती ब्लीचिंग पावडर लागेल ते काढायचा हॉरॉक्सचा प्रयोग आम्ही लॅबमध्ये केला. सहा पांढरे कप, एक काळा, निळा रंग आला की ब्लीचिंग पावडरीचा हिशोब. त्या पावडरीला गावात टीसीएल म्हणतात. ताज्या टीसीएलमध्ये साधारण ३३ टक्के क्लोरीन असतो हे आम्हाला पाठ. पोतं उघडं राहिलं की तो उडून जातो, हेही पाठ. ग्रामपंचायतीत जाऊन बघितलं तर पोत्याचं तोंड उघडंच, आणि कोपरा ओलसर. मुलांनी टाकीजवळच्या नळाला ओटी टेस्ट (पाण्यात क्लोरीन आहे का ते बघणारी) केली, पिवळा रंग आला, म्हणजे क्लोरीन आहे, सगळे निघाले. ताई म्हणाली, "इथं येतोच. शेवटच्या घरी चला." वस्तीच्या टोकाला, जिथे पाणी सगळ्यात शेवटी पोचतं, तिथल्या नळाच्या नमुन्याला रंगाचा पत्ता नाही. नमुना कुठून घ्यायचा हे आमच्या जर्नलमध्ये अर्ध्या ओळीत होतं. ती अर्धी ओळ कुणाच्या लक्षात राहते?

'दर १,००० लोकसंख्येमागे १ आशा' हे आम्ही परीक्षेत लिहितो. अल्मा आटा, १९७८, म्हणजे प्राथमिक आरोग्यसेवेचा जाहीरनामा, हेही लिहितो. त्याच्या आठ वर्षं आधी, १९७० मध्ये, आपल्याच जामखेडला अरोळे या डॉक्टर दांपत्याने काम सुरू केलं आणि पुढे गावातल्या कमी शिकलेल्या, काही तर निरक्षर बायकांच्या हाती गावाचं आरोग्य सोपवलं. ते आमच्या वाचनात येतं शॉर्ट नोट म्हणून, पाच मार्कांना. त्या बायकांकडून डॉक्टरनेही काही शिकावं, असं त्या शॉर्ट नोटमध्ये आम्ही कुणी लिहिलं नाही.

२०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातल्या आशांचा सन्मान केला, तेव्हा आमच्या डिपार्टमेंटच्या बोर्डावर पोस्टर लागलं. २०२४ च्या सुरुवातीला राज्यातल्या आशा मोबदल्यासाठी संपावर गेल्या, आझाद मैदानात जाऊन बसल्या. तेव्हा आमच्या ग्रुपवर मेसेज आला : 'आशा उपलब्ध नसल्याने व्हिजिट रद्द.' पोरांनी टाळ्यांच्या इमोजी टाकल्या. मीही टाकली असेल. सर होते, बस होती, फॉर्म होते, शंभर एप्रन होते, आणि तरी ती नाही म्हटल्यावर आम्हाला गावात शिरता येत नव्हतं. एवढा सरळ हिशोब होता, पण स्टाफमध्ये कुणी मोठ्याने बोललं नाही.

एकदा ताईला विचारलं होतं, आम्हाला फिरवण्याचे तुम्हाला किती मिळतात? म्हणाली, "चहा."

तर माझं म्हणणं साधं आहे. व्याख्या थोड्या कमी करा. वर्षाला निदान चार तास आशाताईला लेक्चर हॉलमध्ये उभं करा, गेस्ट लेक्चररला देता तेवढे पैसे द्या, आणि व्हिजिटचे वार तिला विचारून ठरवा. 'तिला मेडिकलचं काय कळतं' म्हणणारे कमेंटमध्ये येतीलच. या.

परवा ज्युनियरने गावातून फोटो टाकलाय. नवी बॅच, नवे एप्रन, फॉर्म तोच. खाली तिने लिहिलंय, 'दत्तक घेतलेल्या पाचपैकी चार घरांना कुलूप, लोक कोऑपरेट करत नाहीत.' मागे रस्त्याच्या कडेला सोयाबीनच्या गंजी लागलेल्या दिसतायत.