ट्रेकच्या चाकूबद्दलचा तो फॉरवर्ड आणि त्यातलं काय काय चुकलंय

पावसाळा जवळ आला की ट्रेकिंगच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड फिरायला लागतो, यंदा मला तो चार ठिकाणांहून आला. त्यात थोडक्यात असं आहे: फोल्डिंग चाकूचं पातं कमीत कमी 5 इंची आणि जाडजूड घ्या, स्टील स्टेनलेस असलं की गंजाची चिंता नाही, लॉक (उघडलेलं पातं आपोआप मिटू न देणारी सोय) असलं की लाकूडसुद्धा फोडता येतं, जनावर आलं तर जीव वाचतो, आणि 9 इंचाच्या आतलं पातं कायद्याने कुठेही बाळगता येतं. नवीन पोरं हे वाचून खरेदीला जातात म्हणून लिहितोय.

पहिलं पात्याचं. गडावर आपण चाकूने करतो काय? कांदा-बटाटा चिरतो, मसाल्याची पाकिटं फोडतो, दोरी कापतो, फार तर एखादी खुंटी टोकदार करतो. याला 3 ते साडेतीन इंच भरपूर झाले. आणि 4 मिलिमीटर जाड पात्याने एकदा कांदा चिरून बघा, पातं पाचरीसारखं आत घुसतं आणि कांदा चिरला न जाता कडकन फुटतो, बटाट्याचं तेच. जाडी दोन-अडीच मिलिमीटर पुरते, त्याहून पातळ असेल तर अजून छान. उदाहरणच द्यायचं तर फ्रान्सचा ओपिनेल, ही कंपनी 1890 पासून चाकू बनवतेय, त्यांच्या 8 नंबरचं पातं 8.5 सेंटीमीटरचं आणि मस्त पातळ आहे, भाजी चिरायला माझा सगळ्यात आवडता. पण त्याची मूठ बीच लाकडाची, आपल्याकडच्या जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत ती फुगते आणि पातं आत अडकून बसतं, नखाने ओढून उघडत नाही. म्हणून पावसाळी ट्रेकला प्लास्टिक किंवा फायबरची मूठ बरी.

स्टेनलेस म्हणजे गंजतच नाही हे साफ चूक. स्टीलमध्ये साधारण साडेदहा टक्क्यांच्या वर क्रोमियम असलं की त्याला स्टेनलेस म्हणतात, त्याने गंज उशिरा चढतो एवढंच. आता ऑनलाइन ज्याची खूप हवा आहे त्या डी-2 स्टीलमध्ये क्रोमियम 12 टक्क्यांच्या आसपास असतं, पण कार्बनही दीड टक्का असतो आणि तो बरंचसं क्रोमियम स्वतःकडे बांधून ठेवतो, त्यामुळे धार खूप दिवस टिकते पण ओलं ठेवलं तर डाग पडतातच. माझ्या साध्या स्टेनलेस चाकूलाही एका ऑगस्टमध्ये बिजागरीपाशी तांबूस डाग आले होते, कारण लिंबू कापून तसाच मिटला आणि आठवडाभर सॅकमध्ये विसरलो. धुवा, उघडा ठेवून पूर्ण वाळवा, बिजागरीत तेलाचा एक थेंब सोडा, दोन मिनिटांचं काम आहे.

लॉकचा मुद्दा मला सगळ्यात धोकादायक वाटतो. लायनर लॉक म्हणजे मुठीच्या आत एक पातळ पट्टी असते, पातं उघडलं की ती सरकून त्याच्या बुडाशी टेकते, बस, एवढ्याच आधारावर तुमची बोटं असतात. पात्याच्या पाठीवर दगड मारून लाकूड फोडायला गेलात की सगळा दणका त्या पट्टीवर आणि बिजागरीच्या पिनेवर येतो. आमच्यातल्या एकाने हेच केलं, लॉक सुटलं, पातं तर्जनीवर मिटलं आणि रात्री टॉर्चच्या उजेडात त्याला गड उतरवावा लागला. फोल्डिंग चाकू कापायला आहे, फोडायला नाही. व्हिक्टोरिनॉक्स या स्विस कंपनीच्या 91 मिलिमीटरवाल्या (मिटल्यावरची लांबी) लाल चाकूला तर लॉकच नाही, नुसती स्प्रिंग आहे, तरी स्वयंपाकाला तो मजेत चालतो कारण तिथे जोर धारेच्या बाजूने लागतो. दुकानात घेताना पातं उघडून डावी-उजवीकडे हलवून बघा, खुळखुळलं तर ठेवून द्या. आणि धार ठेवा रे, बोथट चाकूला जोर लावावा लागतो आणि मग तो सटकतो.

जनावराचं एका ओळीत सांगतो, बिबट्या दिसला तर पळायचं नाही, वाकायचं नाही, एकत्र राहून मोठ्याने आवाज करत हळूहळू मागे सरायचं, यात तीन काय नि पाच इंची काय, चाकूचा संबंधच येत नाही.

आता कायदा. शस्त्र नियमांत पात्याला 9 इंच लांबी आणि 2 इंच रुंदीची मर्यादा आहे, त्यापुढचा चाकू शस्त्रात धरतात, हे खरं, पण त्याचा अर्थ बाकी सगळीकडे मोकळीक असा नाही. महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम 37 खाली जमावबंदीसारखा आदेश निघतो तेव्हा चाकू बाळगण्यावरही बंदी घालता येते. दिल्लीत बटणाच्या (बटण दाबलं की उघडणाऱ्या) चाकूला 7.62 सेंटीमीटरच्या पात्यापासूनच कायदा लागतो. विमानात केबिन बॅगेत चालत नाही, चेक-इनमध्ये टाकावा लागतो. आणि आपल्या ट्रेकर्सना जे माहीतच नसतं ते हे: 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शस्त्राच्या व्याख्येत चाकू नाव घेऊन लिहिलेला आहे, आणि कलम 31 प्रमाणे मुख्य वन्यजीव रक्षकांच्या किंवा अधिकृत अधिकाऱ्याच्या लेखी परवानगीशिवाय अभयारण्यात शस्त्र नेता येत नाही. इंचांची अट तिथे नाही. भीमाशंकर अभयारण्यच आहे, हरिश्चंद्रगड कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, वासोटा कोयनेच्या अभयारण्यात. वासोट्याला तर बामणोलीत वनखात्याची परवानगी काढूनच बोट मिळते, तेव्हा तिथेच विचारा आणि नाही म्हणाले तर चाकू गाडीत ठेवा. कांदा घरूनच चिरून डब्यात न्या, हरिश्चंद्रगडावर तर तेही नको, वर झोपड्यांमध्ये गरम पिठलं-भाकरी मिळते.