म्हणे अली फ्युरीपुढे एक राउंडही टिकला नसता

गेले काही दिवस व्हॉट्सअ‍ॅपवर एक मजकूर फिरतोय. ज्यांनी उभ्या जन्मात बॉक्सिंगची एक लढत धड पाहिलेली नाही, अशी मंडळी तो पुढे ढकलतायत. मी दुर्लक्ष करत होतो. पण तो माझ्या सतरा वर्षांच्या भाच्यापर्यंत पोचला आणि त्यानं तो खरा मानला. आता गप्प बसवत नाही.

मजकूर थोडक्यात असा: जो लुई, रॉकी मार्सियानो, मुहम्मद अली हे हेवीवेटचे, म्हणजे सगळ्यात वरच्या वजनगटाचे जुने विजेते अंगानं किरकोळ होते. खरा धिप्पाड गडी त्यांना कधी भेटलाच नाही. त्या काळी आहाराचं आणि सरावाचं शास्त्र नव्हतं. आजचा ब्रिटिश हेवीवेट टायसन फ्युरी अलीला पहिल्याच राउंडमध्ये आडवा करेल. आणि शेवटी मुलांना सल्ला: 'आधी वजन वाढवा, तंत्र नंतर शिकता येतं.'

फ्युरीचं नाव यांनीच घेतलंय, तर त्याच्यापासूनच सुरू करू. १८ मे २०२४, रियाध. एका बाजूला २०६ सेंटिमीटर उंचीचा, जवळजवळ ११९ किलोंचा फ्युरी. दुसऱ्या बाजूला युक्रेनचा ओलेक्सांद्र उसिक, उंची १९१ सेंटिमीटर, वजन साधारण १०१ किलो. हा उसिक मुळात हेवीवेटही नव्हे. २०१८पर्यंत तो क्रूझरवेटमध्ये, म्हणजे ९०.७ किलोंच्या मर्यादेत खेळत होता. मधले काही राउंड फ्युरीनं चांगले काढले, सहाव्यात त्याचे अपरकट, म्हणजे खालून वर मारलेले ठोसे, उसिकला लागलेही. पण नवव्या राउंडमध्ये उसिकचा डावा हात बसला आणि फ्युरीच्या पायांतलं बळच गेलं. तो दोरांवर आपटत, भेलकांडत रिंगभर फिरला. जमिनीवर पडला नाही तो केवळ दोरांनी धरलं म्हणून. रेफरी मार्क नेल्सननं मध्ये शिरून, फ्युरी पडलाच असं धरून, आकडे मोजायला घेतले, तेवढ्यात राउंड संपत आला आणि फ्युरी वाचला. दोन पंचांनी उसिकला विजयी ठरवलं, एकानं फ्युरीला.

योगायोग म्हणाल, तर डिसेंबरमध्ये पुन्हा लढत झाली. फ्युरी आणखी वजन घेऊन आला, १२७ किलोंच्या वर. उसिक साधारण १०२. म्हणजे पंचवीस किलोंचा फरक. निकाल काय? तिन्ही पंचांचे गुण सारखेच, ११६-११२, उसिक.

आता अलीची मापं बघा. उंची १९१ सेंटिमीटर. हातांचा पल्ला ७८ इंच. उसिकचीही उंची तीच आणि नोंदवलेला पल्लाही तोच. १९७४ साली आफ्रिकेत किन्शासाला तेव्हाचा जगज्जेता जॉर्ज फोरमनला आठव्या राउंडमध्ये झोपवलं तेव्हा अलीचं वजन ९८ किलो होतं. उसिकपेक्षा तीन-चार किलो कमी, बस्स. मग ज्या अंगानं फ्युरीला दोनदा हरवलं, तेच अंग अलीचं असलं की ते 'किरकोळ' कसं ठरतं? उसिक म्हणजे अली नव्हे, हे मलाही कळतं. पण मजकुराचा दावा कौशल्याबद्दल नाहीच, तो किलोंबद्दल आहे. आणि किलोंचा दावा रियाधमध्ये निकालात निघाला.

'धिप्पाड गडी भेटलाच नाही' हे तर वाचवत नाही. १९१९मध्ये जॅक डेम्पसीनं ८५ किलोंच्या अंगानं १११ किलोंच्या जेस विलार्डला पहिल्याच राउंडमध्ये सात वेळा पाडलं. १९३५मध्ये जो लुईसमोर प्रिमो कार्नेरा होता, ११८ किलोंचा. लुई ८९चा. सहाव्या राउंडमध्ये लढत थांबवावी लागली. कार्नेराचं वजन म्हणजे मे २०२४मधल्या फ्युरीचंच वजन! १९४२मध्ये ११३ किलोंचा बडी बेअर लुईपुढे पहिला राउंडही पुरा करू शकला नाही. अलीनं १९८ सेंटिमीटर उंचीच्या अर्नी टेरेलला पंधरा राउंड नाचवलं आणि ११६ किलोंच्या बस्टर मॅथिसला पुरतं दमवून हरवलं. कार्नेरा कसबी नव्हता आणि त्याच्या कित्येक विजयांवर संशय आहे, हे मान्य. पण 'भेटलेच नाहीत' हे खोटं ते खोटंच.

सरावाच्या शास्त्राबद्दल एकच माणूस पुरे आहे: जॉर्ज फोरमन. किन्शासात अलीकडून हरलेला हाच फोरमन ५ नोव्हेंबर १९९४ला, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी पुन्हा जगज्जेता झाला. समोर होता सव्वीस वर्षांचा, तोवर एकदाही न हरलेला मायकेल मूरर. दहाव्या राउंडमध्ये एक उजवा हात आणि मूरर उताणा. या मूररनं त्याच वर्षी इव्हँडर होलीफील्डला हरवलेलं होतं. आणि होलीफील्ड २००८मध्ये, छेचाळिसाव्या वर्षी, १४० किलोंच्या निकोलाय वालुएवशी बारा राउंड असा लढला की वालुएवला दिलेला निकाल अनेकांना आजही पटत नाही. पुढच्याच वर्षी वालुएवला हरवलं ते डेव्हिड हेनं, ९९ किलोंच्या आतल्या आणि क्रूझरवेटमधून वर आलेल्या. पिढ्या अशा एकमेकांत गुंतलेल्या असतात. १९७४चा माणूस १९९४मध्ये चालतो, तर 'जुने लोक मागासलेले' हे कुठल्या हिशोबानं? शिवाय अलीच्या काळात जगज्जेतेपदाची लढत पंधरा राउंडांची असे. आज ती बाराची आहे.

आता तो सल्ला, ज्यामुळे मी हे लिहायला बसलो. माझा भाचा पुण्यात एका क्लबमध्ये खेळतो, ७५ किलोंच्या गटात. पाय हलके, जॅब (पुढच्या हाताचा सरळ ठोसा) छान. हा मजकूर वाचल्यावर त्यानं पहाटेचा दोरीचा सराव सोडला. का, तर 'मामा, कॅलरी जळतात.' दुधात वजन वाढवायची पावडर दोन-दोन मोठे चमचे. पोट सुटलं, तिसऱ्या राउंडमध्ये हात खाली यायला लागले. अरे, हौशी बॉक्सिंगमध्ये वजनगट असतात! पाच किलो वाढवलेस तर समोरचाही पाच किलोंनी वाढलेलाच येणार, आणि त्याचं ते मुळातलं, हाडापेराचं वजन असणार. वरची मर्यादा नसते ती फक्त सगळ्यात वरच्या गटाला. तिथले नियम सतरा वर्षांच्या मध्यम वजनाच्या पोराला लावायचे, हा मूर्खपणा नाही तर काय?

आणि त्या वरच्या गटातसुद्धा वजन वाढवून काय साधतं, ते अमेरिकेच्या डिऑन्टे वाइल्डरनं दाखवलंय. डिसेंबर २०१८मध्ये साडेशहाण्णव किलोंच्या आतल्या वाइल्डरनं ११६ किलोंच्या फ्युरीला दोनदा खाली पाडलं, लढत बरोबरीत सुटली. फेब्रुवारी २०२०मध्ये तो १०५ किलोंच्या घरात होता, सातव्या राउंडमध्ये त्याच्या कोपऱ्यातल्या माणसांनी टॉवेल टाकून हार मानली. २०२१मध्ये १०८. तेव्हाही त्यानं फ्युरीला चौथ्या राउंडमध्ये दोनदा पाडलं, पण अकराव्यात स्वतःच आडवा झाला. वाइल्डर फ्युरीला कधीच हरवू शकला नाही, पण सगळ्यात जवळ पोचला तो सगळ्यात हलका असताना. फ्युरीही दरम्यान बदलला होता, त्यामुळे सगळं खापर वजनावर फोडता येणार नाही. पण वजनानं वाइल्डर तरला असंही कुणी म्हणू शकत नाही.

मजकुरात एक अर्धसत्य आहे. नाइलाजानं का होईना, ते मानतो. वजन मोजलं जातं ते उगाच नाही. मोठा माणूस मिठी मारून खांद्यावर रेलला की हलक्या गड्याचे पाय जड होतात, फ्युरी हे फार हुशारीनं करतो. रॉकी मार्सियानो ४९ लढती न हरता निवृत्त झाला, पण तो १७९ सेंटिमीटर उंचीचा, ८५ किलोंच्या आसपासचा आणि आखूड हातांचा होता. त्याला आज फ्युरीपुढे उभं करू नये, क्रूझरवेटमध्ये खेळवावं. उंची आणि कसब दोन्ही असलेले नंतरच्या काळातले विजेते लेनॉक्स लुईस किंवा क्लिचको बंधू अलीलासुद्धा जड गेले असते. लेनॉक्सचा तो लांब जॅब चुकवत आत शिरायचं म्हणजे अलीला बाराही राउंड पायांवर राहावं लागलं असतं, आणि १९७४चे त्याचे पाय १९६६चे नव्हते. त्या लढतीत अली गुणांवर हरलाही असता. १९६६चा, क्लीव्हलंड विल्यम्सला तीन राउंडांत संपवणारा अली असता, तर मी पैज अलीवर लावली असती.