रंग फासल्यानं जुनी वस्तू वाचत नाही

जुन्या बाटलीला सोनेरी रंग फासायचा, सुतळी गुंडाळायची, वर आरसे चिकटवायचे, की झाली कला. शिवाय पर्यावरणाचं भलं केल्याचं समाधान. मी कोल्हापुरात चित्रकला शिकवतो आणि शाळांच्या प्रदर्शनांतली 'टाकाऊतून टिकाऊ'ची टेबलं दरवर्षी बघतो. मुलांची मेहनत खरी असते, तिच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण त्या एका बाटलीपायी रंगाची डबी, ग्लू गनच्या कांड्या, लेस, टिकल्यांचं पाकीट, सगळं दुकानातून नवं आलेलं असतं. साधी बाटली भंगारवाल्यानं नेली असती, वितळून तिची पुन्हा काच झाली असती. लेस, प्लास्टिक आणि आरसे चिकटलेली बाटली त्याच्या कामाची राहत नाही. काही महिने शोकेसमध्ये धूळ खाते आणि मग कचऱ्याच्या गाडीत जाते. जुनं काही वाचलं नाही, खरेदी मात्र वाढली.

आणि खरं सांगायचं तर लोखंड, काच, सोनं वाचवायला चित्रकार लागतच नाही. आपल्या गावात ते काम फार चांगलं चालतं. शिरोली, गोकुळ शिरगावच्या फौंड्रीत, म्हणजे लोखंड वितळवून ओतायच्या कारखान्यांत, भंगार हा मोठा कच्चा माल. गुजरीत सोनारांच्या दुकानातली धूळसुद्धा झारेकरी झाडून नेतात, धुतात, गाळतात आणि त्यातून सोन्याचांदीचे कण काढतात. मातीतला कणही वाया न घालवणारी माणसं या गावात आहेत, याचा मला मनापासून अभिमान आहे.

पण भट्टीला आकार कळत नाही. जुनी शेगडी असो नाहीतर पंपाची बॉडी, तिथं सगळ्याचा रस एकच. मूठ कुठं झिजली होती, फुटल्यावर डाग देऊन कुणी सांधलं होतं, कान तुटल्यावर तार कशी बांधली होती, हे सगळं वितळून जातं. कलेनं काही वाचवायचं असेल तर हे वाचवावं. वस्तू वापरली गेल्याच्या या खुणा. आणि नेमक्या त्याच आपण सोनेरी रंगाखाली घालतो.

चंदीगडच्या रॉक गार्डनचं उदाहरण मला म्हणूनच फार मोठं वाटतं. नेकचंद सैनी हे तिथं सरकारी रस्ते निरीक्षक होते. नवं शहर उभारताना जुनी गावं पाडली जात होती. १९५७ पासून त्यांनी त्या गावांचा राडारोडा गोळा करायला सुरुवात केली. फुटक्या बांगड्या, कपबश्या, फरशा, बेसिनचे तुकडे. राखीव सरकारी जागेत, कुणाला कळू न देता, नोकरीची वेळ संपल्यावर ते काम करत राहिले. पुढं ते उघडकीला आलं, तेव्हा सगळं पाडलं जाण्याची वेळ आली होती. लोकांच्या पाठिंब्यानं ते टिकलं आणि १९७६ मध्ये बाग सर्वांसाठी खुली झाली. तिथल्या बाईच्या पुतळ्याच्या अंगावर बांगडीचे तुकडे आहेत, आणि ते बांगडीचेच तुकडे आहेत हे बघणाऱ्याला दिसतं. आखीव-रेखीव नव्या शहरानं काय बाजूला सारलं, ते त्याच शहराच्या कडेला उभं आहे. पिकासोनं १९४२ मध्ये सायकलची सीट आणि हँडल जोडून बैलाचं डोकं केलं, तिथंही तेच. सीट सीटच राहते, हँडल हँडलच, आणि तरी बैल आपल्याकडं बघतो.

आपल्याला लांब जायचीही गरज नाही. कोल्हापूरचे चित्रकार बाबूराव पेंटर आणि त्यांचे नात्यातले भाऊ आनंदराव नाटकांचे पडदे रंगवायचे. सिनेमाचं वेड लागलं तेव्हा त्यांनी मुंबईच्या चोरबाजारातून प्रोजेक्टर आणला. खेळ दाखवता दाखवता चलच्चित्राचं तंत्र समजून घेतलं आणि स्वतःचा कॅमेरा बनवायला घेतला. १९१६ मध्ये आनंदराव गेले. बाबूरावांनी काम सोडलं नाही, आपले शिष्य दामले यांना हाताशी धरलं, आणि १९१८ मध्ये कॅमेरा चालू झाला. कलापूर म्हणून आपण मिरवतो त्या गावातल्या सिनेमाचा एक धागा असा चोरबाजारातल्या यंत्रापर्यंत जातो. त्यांनी ते यंत्र दिवाणखान्यात शोभेला ठेवलं नाही, त्याच्याकडून शिकून घेतलं.

२०१९ च्या ऑगस्टमधला महापूर आठवा. पाणी ओसरल्यावर व्हीनस कॉर्नर, शाहूपुरी, सगळीकडं रस्त्याच्या कडेला ढीग. फोमच्या गाद्या, भुसा दाबून केलेल्या फळ्यांची कपाटं फुगून उकललेली, टीव्हीची युनिटं. लोखंडी ट्रंका, सागवानी पाट, तांब्या-पितळेची भांडी मात्र लोक दारात धूत बसले होते. वाकळा धुऊन दोरीवर वाळत घातल्या होत्या. एवढं दुःख समोर असताना हे बोलायची ती वेळ नव्हती, पण मला ते विसरता आलेलं नाही. गेल्या काही वर्षांत आपण घरात काय आणलं, ते त्या ढिगांनी दाखवलं. आणलेल्यातलं बरंचसं पुन्हा उभं करता येईल असं बनवलेलंच नव्हतं. हप्ते फेडून घेतलेलं सामान होतं ते, म्हणून घेणाऱ्याला मी दोष देत नाही. दुरुस्तच होणार नाही अशी वस्तू बनवून विकणाऱ्याला देतो.

म्हणून कला शिकणाऱ्या मुलांनी क्राफ्टच्या दुकानाऐवजी आधी उद्यमनगरात जावं असं मला वाटतं. तिथं पॅटर्न शॉपमध्ये, बंद झालेल्या पार्टचे जुने लाकडी पॅटर्न बघायला मिळतील. वाळूत त्यांचा ठसा घेऊन लोखंड ओततात. शिल्पकारानं हात फिरवत राहावं असे त्यांचे आकार असतात, आणि काम संपलं की ते जळणात जातात. ते करणाऱ्या मिस्त्रींना विचारा, हा गोल असाच का, ही कड उतरती का. मिक्सर, स्टोव्ह, छत्री दुरुस्त करणाऱ्यांकडं एकेक दुपार बसा.

आणि शिक्षक मित्रांनो, यंदाच्या प्रदर्शनात एवढं कराच. दुरुस्त करून पुन्हा वापरात आणलेल्या वस्तूंचं एक वेगळं टेबल लावा. नवं सामान विकत आणायला बंदी. प्रत्येक वस्तूपुढं मुलाच्या अक्षरात एक चिठ्ठी: ही कुणाची, किती वर्षं वापरली, काय मोडलं होतं, कुणी दुरुस्त केली, किती पैसे लागले. आणि परीक्षक म्हणून माझ्याऐवजी तुमच्या पेठेतल्या एखाद्या दुरुस्तीवाल्या काकांना बोलवा, शाल-श्रीफळ देऊन, मानानं.